आवाज आधी आला, चित्र मागाहून

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत दूरचित्रवाणीवर लेख कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. पण आपल्या डिचोली-पेडण्याच्या भागाचा गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांचा इतिहास पाहिला, तर बाहेरचे जग आपल्या घरात शिरले ते या दोन वाटांनीच. आधी रेडिओच्या आवाजाने आणि मग टीव्हीच्या चित्राने. हे असेच का घडले, याची उत्तरे राजकारणात जेवढी आहेत तेवढीच ती लहरींच्या लांबीत आणि आपल्या गावच्या टेकड्यांच्या उंचीतही आहेत. शिवाय टीव्हीच्या पेटीतसुद्धा आवाज आणि चित्र ही दोन वेगळी पाहुणे मंडळी होती. ती वेगवेगळी येत आणि वेगवेगळ्या खोल्यांत उतरत. हा सारा प्रकार समजून घेण्याचा हा प्रयत्न.

अरण्यातला आवाज

गोव्यात नभोवाणी आली ती पोर्तुगीज अमदानीत. १९४६ मध्ये पणजीला ‘एमिसोरा दे गोवा’ हे केंद्र सुरू झाले. ते अर्थातच सरकारचे. जे सरकारला हवे, तेच त्यावरून ऐकू येई. त्याला उत्तर मिळाले ते २५ नोव्हेंबर १९५५ रोजी. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सरहद्दीपलीकडल्या रानातून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे गुप्त केंद्र चालवायला घेतले. आंबोलीच्या आणि पुढे कॅसलरॉकच्या जंगलात, एका मालमोटारीत प्रक्षेपणाची यंत्रे बसवून, कोंकणी आणि पोर्तुगीज भाषांतून हे प्रसारण चाले. पाऊस, जळवा, रानटी जनावरे या सर्वांच्या संगतीत त्यांनी सहा वर्षे हे काम केले. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय वायुदलाच्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला आणि याच दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर ती बातमी गोमंतकीयांना सांगितली. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ साली, वयाच्या शंभरीत, पद्मश्री जाहीर झाली. मुक्तीनंतर एमिसोराचे पणजी केंद्र आकाशवाणीचे झाले.

आता प्रश्न असा, की आंबोलीच्या रानातला आवाज डोंगर ओलांडून खाली उतरू शकला, मग पुढे पंचवीस-तीस वर्षांनी टीव्हीचे चित्र पणजीहून मयेपर्यंत यायला इतके आढेवेढे का घेत होते? मये ते पणजी हे अंतर सरळ रेषेत पंधराएक किलोमीटरच. उत्तर लहरीच्या लांबीत आहे. रेडिओची मध्यम लहर सुमारे ३०० मीटर लांब असते. एवढ्या लांब लहरीला गावची टेकडी म्हणजे वाटेतला धोंडा. ती टेकडीला वळसा घालून पलीकडे उतरते. लघुलहरी तर आकाशातल्या विद्युत्भारित थरावर आपटून शेकडो मैल दूर परत खाली येतात. टीव्हीची लहर मात्र दीड ते सहा मीटरच. ती जवळजवळ प्रकाशासारखी सरळ जाते. वाटेत डोंगर आला की त्याच्या मागे तिची सावली पडते. आणि मये हे तर तळ्याच्या भोवती टेकड्या असलेले गाव.

चित्र पाठवायचे म्हणजे काय?

लहर एवढी तोकडी घ्यावी लागली याचेही कारण आहे. आवाज ही एका वेळी एकच गोष्ट असते. पडदा थरथरतो, तेवढी थरथर पाठवली की काम झाले. चित्र मात्र एकाच क्षणी सगळीकडे असते. डावीकडे माड, उजवीकडे देऊळ, मध्ये माणसे. हे सारे एका तारेतून किंवा एका लहरीवरून एकदम कसे पाठवणार?

यावरची युक्ती जर्मनीतल्या पाउल निपकोव्ह या विद्यार्थ्याने १८८४ मध्ये काढली. चित्र एकदम पाठवायचेच नाही, तर पुस्तकाचे पान वाचावे तसे ते ओळीओळीने वाचायचे. त्यासाठी त्याने सर्पिलाकार भोके असलेली फिरती तबकडी योजली. याच तत्त्वावर जॉन लोगी बेअर्ड याने २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनमध्ये माणसाचा हलता चेहरा पडद्यावर दाखवला. चित्र जेमतेम ३० रेषांचे होते. पण फिरत्या तबकडीने याहून फार पुढे जाता येईना. खरा मार्ग होता तो कार्ल फर्डिनांड ब्राउन याने १८९७ मध्ये तयार केलेल्या काचेच्या नळीचा. तिच्यात लोखंडी चाक नव्हे, तर इलेक्ट्रॉनांचा झोत धावतो आणि त्याला वजन जवळपास नसतेच. अमेरिकेत फायलो फार्न्सवर्थ याने ७ सप्टेंबर १९२७ रोजी तबकडीशिवाय, निव्वळ इलेक्ट्रॉनांच्या जोरावर, पहिले चित्र पाठवले. ती होती फक्त एक रेघ! बीबीसीने नोव्हेंबर १९३६ मध्ये दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवून पाहिल्या आणि तीनच महिन्यांत तबकडीची पद्धत सोडून दिली.

भारताने पुढे जी पद्धत स्वीकारली, तिच्यात चित्राच्या ६२५ रेषा असत आणि सेकंदाला अशी २५ चित्रे. म्हणजे झोत एका सेकंदात १५,६२५ वेळा डावीकडून उजवीकडे जाई. नीट लक्षात घ्या, कुठल्याही एका क्षणी पडद्यावर चमकत असे तो केवळ एक ठिपका. दिवाळीत मुले फुलबाजी गोल फिरवतात आणि आपल्याला उजेडाचे पूर्ण कडे दिसते, तसेच हे. कडे आपल्या डोळ्यात असते, हवेत नसते. टीव्हीवरचे चित्रही असेच आपल्या डोळ्यात पुरे होई. चित्र लुकलुकू नये म्हणून झोत आधी एक सोडून एक रेषा काढी आणि दुसऱ्या फेरीत राहिलेल्या रेषा भरी. म्हणून सेकंदाला २५ चित्रे असली तरी पडदा ५० वेळा उजळे.

एवढा तपशील दर सेकंदाला पाठवायचा, तर चित्राला सुमारे पाच मेगाहर्ट्झ रुंदीचा रस्ता लागतो. मध्यम लहरीचा संपूर्ण पट्टा त्याच्या चौथाईहूनही कमी. त्यामुळे टीव्हीला वरच्या, तोकड्या लहरींकडे जावेच लागले आणि त्याबरोबर टेकड्यांची अडचण पदरी आली.

दिल्ली, मुंबई आणि मग आपण

दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रायोगिक दूरचित्रवाणी सुरू झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढल्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकाने पुणे जोडले. मुंबईच्या मराठी घरांत ‘गजरा’ आणि ‘चिमणराव’ पाहिले जात होते, तेव्हा गोव्यात आपण रेडिओच ऐकत होतो. वरळीचा मनोरा ३०० मीटर उंच. एवढ्या उंचीवरून निघालेली लहर पृथ्वीच्या गोलाईमुळे सत्तरएक किलोमीटरनंतर जमिनीवरच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जाते. गोवा तर चारशे किलोमीटर दूर.

यावर उपाय होता तो मनोराच आकाशात नेण्याचा. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर भारताने अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत टीव्ही दाखवून पाहिला. या प्रयोगाला ‘साइट’ म्हणत. १९८२ मध्ये इन्सॅट-१ए सोडला, तो काही महिन्यांतच निकामी झाला. ३० ऑगस्ट १९८३ रोजी सोडलेला इन्सॅट-१बी मात्र कामाला आला. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून दिल्लीचा कार्यक्रम देशभर खाली उतरू लागला. ठिकठिकाणी तबकड्या बसवून तो झेलायचा आणि लहान प्रक्षेपकाने आसपासच्या घरांत पोचवायचा, अशी ही साखळी. १९८४ मध्ये असे प्रक्षेपक देशात धडाक्याने उभारले गेले. पणजीहून आपल्यापर्यंत चित्र आले ते याच साखळीतून.

टेकडीमागचे गाव आणि ॲल्युमिनियमची काठी

आणि इथे आपल्या गावांचे खरे काम सुरू झाले. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने कधी ना कधी कौलांवर चढून अँटेना फिरवली आहे. एक जण वर, एक जण खिडकीत आणि एक जण टीव्हीसमोर. “आले?” “नाही!” “आता?” “थोडे मागे!” असा संवाद संध्याकाळी प्रत्येक वाड्यावर ऐकू येई.

ती अँटेना जपानच्या यागी आणि उदा या दोन संशोधकांची. १९२६ मधली. तिच्यावर एक वळवलेली दांडी असते, तीच लहर पकडते. तिची लांबी लहरीच्या निम्मी लागते. वरच्या चॅनलांसाठी पाऊण मीटरच्या आसपास, खालच्या चॅनलांसाठी दोन-तीन मीटर. मागची दांडी आरशासारखी, पुढच्या आखूड दांड्या लहरीला वाट दाखवणाऱ्या. म्हणून अँटेनाचे तोंड प्रक्षेपकाकडे हवे. पण मयेत नेहमीच तसे जमत नसे. समोर टेकडी असली तर कधी तिच्या माथ्यावरून वळलेली, तर कधी बाजूच्या डोंगरावर आपटून आलेली लहर पकडावी लागे. कोणी लांबलचक बांबू बांधला, कोणी माडाचा आधार घेतला, कोणी घराला सोडून वरच्या भाटात अँटेना रोवली आणि तिथून चपटी वायर खाली आणली. तेवढ्याने भागले नाही की बूस्टर.

एकाच चित्राला शेजारी फिकट जुळे भाऊ दिसत, तो प्रकारही डोंगराचाच. सरळ आलेली लहर आणि डोंगरावर आपटून आलेली लहर दोन्ही अँटेनात शिरत. दुसरीची वाट ३०० मीटरने जास्त असली, तर ती सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने उशिरा पोचे. तेवढ्यात वीस इंची पडद्यावरचा ठिपका सात-आठ मिलिमीटर उजवीकडे सरकलेला असे. तिथे ते भूत उमटे. म्हणजे पडद्यावर फूटपट्टी लावून डोंगराच्या वाटेचा फेर मोजता आला असता!

आणि आठवत असेल, कित्येकदा पडद्यावर नुसत्या मुंग्या असत, पण बातम्या स्वच्छ ऐकू येत. घरची वडीलधारी मंडळी म्हणत, “राहू दे, ऐकू येतेय ना!” हे कसे? प्रक्षेपक चित्र आणि आवाज दोन वेगळ्या लहरींवर पाठवी, एकमेकींपासून साडेपाच मेगाहर्ट्झ अंतरावर. चित्राच्या लहरीत बदल होई तो तिच्या जोरात. वाटेत जी काही खळबळ मिसळे तीही जोरातच मिसळते, म्हणून ती थेट पडद्यावर दिसे. आवाजाची लहर जोराने नव्हे, तर कंपनांच्या कमी-जास्त होण्याने निरोप सांगे. शिवाय तिला रस्ता अगदी अरुंद लागे, त्यामुळे खळबळ आत शिरायला जागाच कमी. म्हणून आवाजाचा प्रक्षेपक चित्राच्या एक दशांश ताकदीचा असूनही टेकडीमागे चित्राच्या आधी आवाजच पोचे. त्या मुंग्यांमध्ये गडगडाट होता, मोटारींच्या प्लगांच्या ठिणग्या होत्या, संचाच्या आतली खळबळ होती आणि एखादा टक्का तर विश्वाच्या जन्मवेळच्या किरणांचाही होता.

पेटीच्या आत

अँटेनातून आलेला संदेश अत्यंत क्षीण असतो. ट्यूनर हवे ते चॅनल निवडतो, पुढचे भाग त्याला हजारो पटींनी वाढवतात. मग वाटा फुटतात. आवाज एका बाजूने स्पीकरकडे, चित्र दुसऱ्या बाजूने पिक्चर ट्यूबकडे. चित्राबरोबर प्रत्येक रेषेच्या आणि प्रत्येक पानाच्या सुरुवातीची खूणही येते. ती खूण हुकली की चित्र वर वर पळू लागे आणि कुणीतरी उठून मागचे ‘व्हर्टिकल होल्ड’चे बटण पिळी.

पिक्चर ट्यूब म्हणजे हवा काढून घेतलेली मोठी काचेची बाटली. तिच्या मानेत तापलेल्या तुकड्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. समोरच्या बाजूला असलेला १५ हजार व्होल्टचा दाब त्यांना खेचतो (रंगीत टीव्हीत २५ हजारांच्या घरात). मानेभोवतीच्या तांब्याच्या गुंडाळ्या चुंबकाने झोताला डावी-उजवीकडे आणि वर-खाली वळवतात. काचेच्या आतून लावलेल्या लेपावर तो आपटला की तिथे उजेड पडतो. झोत जाड तर उजेड जास्त, बारीक तर कमी. एवढेच काळे-पांढरे चित्र. संच चालू असताना मुलांना जी बारीक शिट्टी ऐकू येई आणि आजोबांना येत नसे, ती त्या सेकंदाला १५,६२५ फेऱ्यांचीच.

रंग आला १९८२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या प्रक्षेपणाने आणि त्या वर्षीच्या आशियाई क्रीडास्पर्धांनी. लाल, हिरवा आणि निळा असे तीन झोत, त्यांच्यापुढे बारीक छिद्रांची जाळी आणि काचेवर तीन रंगांचे ठिपके. जर्मनीच्या वाल्टर ब्रुख यांची ‘पाल’ पद्धत आपण घेतली. तिची खुबी अशी, की उजेडाचा संदेश पूर्वीसारखाच ठेवून रंग त्याच्या वर वेगळा बसवलेला असे. त्यामुळे गरिबाघरचा काळा-पांढरा संच निकामी झाला नाही. १९८७ मध्ये, ज्या वर्षी ३० मे रोजी गोवा राज्य झाले, त्याच वर्षी जानेवारीत ‘रामायण’ सुरू झाले. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांची ओटी रविवारी सकाळी पुरत नसे. अनेक घरी पडद्यासमोर वर निळी, मध्ये पिवळसर, खाली हिरवी अशी प्लॅस्टिकची काच लावलेली असे. राम वनात असो वा महालात, आकाश निळेच!

या संचांची एक गोष्ट मला, डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स शिकल्यामुळे असेल, विशेष वाटते. बिघाड पडदाच सांगत असे. मध्यभागी एकच आडवी पांढरी रेघ दिसली तर वर-खाली वळवणारा भाग गेला. आवाज आहे पण पडदा काळाकुट्ट, तर मोठ्या दाबाचा भाग तपासा. चित्र आहे, आवाज नाही, तर स्पीकरच्या वाटेकडे बघा. डिचोलीच्या बाजारातले कारागीर मागचे झाकण काढण्याआधीच निदान करत. त्यांतल्या कित्येकांनी कॉलेजचे तोंड पाहिले नव्हते, पण लहर कुठून येते आणि कुठे अडते हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आज

आजच्या सपाट टीव्हीत झोत नाही, बाटली नाही. मागे पांढरे एलईडी दिवे, पुढे द्रवस्फटिकांचा थर आणि त्यापुढे तीन रंगांच्या बारीक खिडक्या. फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात आणि प्रत्येकाच्या तीन खिडक्या कमी-जास्त उघडतात. ज्या निळ्या एलईडीमुळे हा पांढरा उजेड शक्य झाला, त्याबद्दल तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल मिळाले. चित्र सुंदर झाले यात शंका नाही.

पण आता चित्र आणि आवाज दोन्ही आकड्यांच्या एकाच पुडक्यांतून येतात. पावसाने तबकडीचा संदेश थोडा कमी झाला तर काही फरक पडत नाही. जरा जास्त कमी झाला की चित्राचे चौकोन होतात आणि मग चित्र-आवाज दोन्ही एकदम गप्प. “राहू दे, ऐकू येतेय ना” ही सोय संपली. दूरदर्शनचे जमिनीवरचे जुने प्रक्षेपक मोजकी ठिकाणे सोडून २०२२ पर्यंत बंद झाले आणि कौलांवरच्या त्या अँटेनांना आता बोलावणारे कोणी उरले नाही. दुरुस्ती म्हणजे बहुतेक वेळा पूर्ण पॅनेल बदलणे, आणि त्याची किंमत ऐकून लोक नवाच संच घेतात.

जुने दिवस परत यावेत असे माझे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच, की मालमोटारीतून एका साम्राज्याला उत्तर देणारे ते दोघे आणि टेकडीमागे बांबू रोवून दिल्लीचे चित्र ओढून आणणारे आपले गावकरी यांच्यात एक गोष्ट समान होती. यंत्र कसे चालते हे त्यांनी समजून घेतले, म्हणून कोपऱ्यात असूनही ते जगापासून तुटले नाहीत. ही समज आता आपल्या मुलांच्या हातातून निसटते आहे. त्यांच्या हातातल्या फोनमध्ये काय चालते हे त्यांना कोणी उघडून दाखवत नाही.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. अजून कित्येक घरांच्या माळ्यावर शटरवाला जुना टीव्ही पडून आहे. तो भंगारात देण्याआधी विचार करा. स्वतः मात्र उघडू नका. पिक्चर ट्यूबमध्ये बंद केल्यानंतरही वीज साठून राहते आणि काच फुटली तर तुकडे जोराने उडतात, शिवाय त्या काचेत शिसे असते. गावातले जुने कारागीर अजून आहेत. चवथीच्या सुट्टीत घरची मुले जमतात, तेव्हा त्यांच्यापैकी एकाला सन्मानाने बोलवा आणि मागचे झाकण त्याच्या हातून उघडा. आवाजाची वाट कुठली आणि चित्राची कुठली, हे तो मुलांना बोट ठेवून दाखवील. आणि ओटीवर बसलेल्या आजी-आजोबांना विचारा, पहिला रेडिओ कोणाच्या घरी आला, त्यावर काय ऐकले, अँटेना कुठल्या टेकडीवर लावली होती. ते लिहून ठेवा. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेला त्याहून चांगला मजकूर मिळणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!